मंदारची डिझेल गाडी

मंदारने ती डिझेल गाडी का विकली, ते मला विचारा, मी तिथेच होते. केतकी, म्हणजे त्याची बायको, वर्षभर मागे लागली होती की काढून टाक. डिझेल किती भारी ते तिला पटवायला हा आम्हाला लंडनजवळच्या हॅरोहून थेट विमानांच्या म्युझियममध्ये घेऊन गेला. तिथले म्हातारे गाइड म्हणाले, सुरुवातीच्या काळातलं एक डिझेल विमान मध्ये इंधन न भरता तीन दिवसांहून जास्त हवेत राहिलं होतं.

"ऐकलंस?" मंदार म्हणाला.

केतकीने गाइडना विचारलं, "मग ही इंजिनं चालली का नाहीत?"

"वास, मॅडम. सगळा धूर केबिनमध्ये. पायलट घरी गेला की बायको जवळ येऊ द्यायची नाही."

केतकी शांतपणे मराठीत म्हणाली, "मंदार, त्यांना सांग, अजूनही देत नाही."