तारखेचे नाना

मंडळी, बसून घ्या. मागे दाराशी जे उभे आहेत त्यांनीही पुढे या, जागा आहे. मला बोलायला उभं केलंय खरं, पण भाषण मला येत नाही. केळीच्या बागेला पाणी धरणारा माणूस मी. बैलांवर ओरडून ओरडून आवाज मोठा झाला, आणि आज तोही नीट फुटत नाही. सांभाळून घ्या.

नाना गेले त्याला आज दहा दिवस झाले. चोपड्यात या शाळेत त्यांनी जन्म काढला. मी त्यांच्या हाताखाली पाच यत्ता शिकलो, म्हणजे पाच वर्षं मार खाल्ला. कशासाठी? तारखेसाठी! पानिपतची लढाई संक्रांतीला झाली, असं मी एकदा ठणकावून सांगितलं. सगळे तसंच म्हणतात ना? नानांनी हातावर छडी दिली. म्हणाले, "त्या सालची संक्रांत आधीच होऊन गेली होती, सुकदेव. चौदा जानेवारी म्हण!" आजही तिळगूळ हातात घेतला की तळहात खाजतो.

त्यांच्या ओसरीवरचा तो खिळा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. रोज सकाळी त्या खिळ्याला एक कागद लागायचा. वर तारीख, आणि खाली त्या तारखेला कुठल्या कुठल्या सालात कुठं लढाई झाली ते. दुसरं काही नाही. मी एकदा विचारलं, "नाना, लढायाच कशाला? लग्नं लावा की भिंतीवर." ते म्हणाले, "लग्नाची आठवण घरचे ठेवतात रे. परमुलखात मेलेल्या शिपायाची कोण ठेवतो?" मी हसलो होतो. माझा बापच परमुलखात मेलेला, आणि मी हसलो.

मग ते पहिलं भाषण. आठवतं ना? तेवीस सप्टेंबर. याच हॉलात. नानांनी सांगितलं, बघा, एकच तारीख. अठराशे तीनमध्ये ह्याच तारखेला आपल्या अजिंठ्याच्या घाटापलीकडे असईला मराठी फौज इंग्रजांपुढे हरली. आणि एकोणीसशे अठरामध्ये ह्याच तारखेला आपल्याच देशाच्या घोडेस्वारांनी इंग्रजांसाठी समुद्राकाठचं हैफा जिंकून दिलं. आधी त्यांच्या हातून मेलो, मग त्यांच्यासाठी मेलो, म्हणाले. शेवटी नाना म्हणाले, "पुढच्या वर्षी ह्याच दिवशी पुन्हा जमू."

इथंच घोळ झाला, मंडळी! आपण खेड्यातली माणसं. 'ह्याच दिवशी' म्हणजे आपल्याला काय कळणार? आपण तिथी धरली! पुढच्या वर्षी तिथी आली अकरा दिवस आधी. चार गावच्या बैलगाड्या नानांच्या दारात. नाना बनियनवर, हातात भाकरीचा तुकडा. "अरे, आज बारा सप्टेंबर! कशाला आलात सगळे?" आमच्या गावचे म्हातारे आबा म्हणाले, "पंचांग पाहीसन उनूत, मास्तर. तुमनंच चुकनं व्हई." म्हणजे चूक मास्तरांची, पंचांगाची नाही! नाना लाल झाले. मला वाटलं आता छडी काढतात. पण ते ओसरीवर गेले, खिळ्यावरचा बारा सप्टेंबरचा कागद घेऊन आले आणि ओट्यावर बसून सारागढी सांगितली. एकवीस शीख शिपाई, एक चौकी, आणि समोर हजारो. आमचे आबा धोतरानं डोळे पुसत होते. तेव्हापासून वर्षाला दोन भाषणं होऊ लागली, एक तारखेचं, एक तिथीचं. दुसऱ्याला नाना 'अडाण्यांचं भाषण' म्हणत. आणि गर्दी त्यालाच जास्त!

त्या दिवशी गाड्या परतल्यावर मी बोलता बोलता म्हणालो, "नाना, माझा बाप त्या सारागढीच्याच मुलखात होता, वायव्य सरहद्दीवर. फौजेची खेचरं हाकायचा." नाना उठलेच. "कागद आहे?" होता. आईनं एका पत्र्याच्या डबीत तो सरकारी कागद जपून ठेवला होता. मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

आता नीट ऐका. तो कागद आमच्या गावात आला तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, कार्तिकातली पंचमी होती. मी दोन वर्षांचा. कागद इंग्रजी. आणणाऱ्यानं 'मयत' एवढं सांगितलं आणि तो पुढच्या गावाला गेला. माझी आई वीस वर्षांची. तिनं तीच पंचमी धरली. दर वर्षी त्या दिवशी उपास, खीर, एक पान वेगळं. पस्तीस वर्षं! आमच्या घरात दिवाळीचा फराळ पंचमी झाल्याशिवाय डब्याबाहेर निघत नसे. आणि नानांनी कागद वाचला, तर त्यात स्वच्छ लिहिलेलं. तेवीस सप्टेंबर.

नाना म्हणाले, "अक्काला सांगायला हवं." माझ्या आईला ते अक्का म्हणत, दोन वर्षांनी मोठी म्हणून. मी भडकलो. मी म्हणालो, "खबरदार! पस्तीस वर्षं ती बाई चुकीच्या दिवशी जेवू घालते आहे, हे तिला सांगणार? ती खचेल. तुमच्या भिंतीवर काय लिहायचं ते लिहा. माझ्या घरात तुमची तारीख नको." नाना म्हणाले, "खोट्या दिवसाला मी होकार कसा देऊ, सुकदेव?" मी म्हणालो, "मग येऊ नका आमच्याकडे." असं बोललो मी. माझ्या मास्तरांना. नाना आले नाहीत. वर्षभर. बाजारात ते दिसले की मी रस्ता ओलांडायचो. लाज वाटत होती, पण माघार कोण घेणार?

शेवटी आईनंच त्यांना बोलावणं धाडलं. आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, चहा ठेवला. "काय व्हयनं तुमनं? बोला." मी नानांकडे पाहिलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाची तारीख चुकू दिली नाही, तो माणूस चहाच्या कपाकडे बघत गप्प बसला. मी नको म्हणालो होतो ना, म्हणून! त्यांच्या कपाळावर घाम होता, मंडळी. खरं गिळून बसणं त्यांना जमत नव्हतं आणि माझा शब्द मोडणंही जमत नव्हतं. मला ते बघवेना. मीच बोललो. सगळं सांगून टाकलं.

आई नानांकडे वळली. मग म्हणाली, "नाना, मन्हं चुकनं का?"

नाना म्हणाले, "अक्का, तारीख चुकली. तुमचं काही चुकलं नाही." आणि सांगितलं, त्या सालचं पंचांग मी शोधून पाहिलंय, तेवीस सप्टेंबर पितरपाटात, पितृपक्षात होता.

आई एकदम ताठ बसली. "पितरपाटामा गयात सुकदेवना बाप? मंग मी त पितरपाटामाबी पान वाढस. आखाजीले पितरसनी घागर भरस. पंचमीले खीर. उपाशी त नही ऱ्हायनात ना त्या?" आणि ती हसली हो! डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती. नानाही हसले. मी मात्र मूर्खासारखा रडत होतो. वर्षभर कशाची भीती घेऊन बसलो होतो मी? जिनं पस्तीस वर्षं रेटली ती बाई एका तारखेनं खचते होय?

त्या वर्षीच्या तेवीस सप्टेंबरला ओसरीवरच्या कागदात एक ओळ वाढली. असई, हैफा, आणि खाली ठळक अक्षरात, 'दगडू तोताराम, खेचरवाला'. आईला वाचता येत नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून पाहिलं. नंतर दर वर्षी ती त्या दिवशी तिथं जायची, आणि पंचमीही तिनं सोडली नाही. दोन्ही करायची. आनंदानं करायची. हे नानांनी दिलं आम्हाला.

नाना एकटे होते. बायको, आमच्या वहिनी, आधीच गेल्या, मूलबाळ नाही. आज सकाळी इथं यायला निघताना मी आईला म्हणालो, "नानांचं पान आता आपल्या घरी वाढायचं." ती म्हणाली, "ते काय सांगाले पाहिजे?" मी म्हणालो, "मग पंचांग बघून तिथी काढून ठेवतो." तर माझ्यावर खेकसली. ही बसली आहे पुढं, विचारा तिला. म्हणाली, "तिथी कसाले? त्याले तारीखलेच वाढजो. तिथीले वाढशी त येवाव नही तो. रागे भरी!"

तारखेलाच वाढू, नाना. या जेवायला.

मंडळी, आता उठू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका.