आयटम चारला बाहेर

हॅलो?… हो, सुहासिनीच. अर्चना, हळू बोल, मीटिंग चालू आहे… नाही, मीटिंग आत चालू आहे. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलेय… कारण मला बाहेर काढलंय… अगं भांडले नाही कुणाशी! नियम आहे तसा.

हो, हो… अगं ऐक ना, तो मिक्सर बंद कर आधी. कानात घरघर होतेय माझ्या… सकाळी अकराला कसली चटणी वाटतेस?

हं. बोल आता.

कुठला ईमेल?… कौन्सिलकडून? तुला?… थांब. वाचू नकोस. अर्चना, वाचू नकोस म्हणते ना, मला ऐकायची परवानगी नाहीये… अगं, कौन्सिल मुलांची काळजी नीट घेतं की नाही हे बघणारं बोर्ड आहे हे, आपली पिकनिक कमिटी नाही!… वाचलंसच. धन्य आहेस.

हो. उर्वीचीच केस. म्हणूनच बाहेर बसलेय. आयटम चार, आणि मी बाहेर… असंच असतं. ओळखीचं घर निघालं की हात वर करायचा, 'मी यांना ओळखते' म्हणायचं, आणि उठून चालू पडायचं… हो ना! इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये आपली मराठी घरं ती किती, आणि त्यातल्या कुणाकडे मी हळदीकुंकवाला गेले नाहीये, सांग बरं? तीन महिन्यांत तिसऱ्यांदा ही भिंत बघतेय. बोर्डावर सगळ्या समाजांची माणसं हवीत म्हणून मला घेतलं, वेबसाइटवर फोटो लावला, आणि आपलं माणूस आलं की मी कॉफी मशीनपाशी… हो बाई, तुम्ही मंडळात शाल-श्रीफळही दिलंत. विसरले नाहीये.

रिपोर्टातली कुठली ओळ काढायची?… तुझं म्हणणं आहे म्हणून तुला तपासायला पाठवलीय?… 'कुटुंबाच्या मैत्रिणीने कळवलं की आईला मदत नको आहे.' बरं. मग? नाव आहे का तुझं?… नाही ना?… लोकांना कळेल. हो, कळेल. आपल्याकडे कुणाच्या फ्रिजमध्ये काय आहे तेही कळतं.

नाही, मी नाही काढू शकत… कारण मी बाहेर आहे, अर्चना! दहा मिनिटं तेच सांगतेय.

आवाज चढवू नकोस… माहितीय मला. तुला ते बोलायला कुणी सांगितलं तेही माहितीय. मी सांगितलं. नाकारतेय का मी?… ऑक्टोबर. मी सामान भरून पार्किंगमध्ये, आणि तुझा फोन. कौन्सिलच्या बाई विचारतायत, उर्वीकडे आठवड्यातून दोनदा मदतीला कोणी पाठवू का, उर्वी फोन उचलत नाही म्हणून तुला लावलाय, काय सांगू? आणि मी गाडीच्या डिकीत डोकं घालून म्हटलं, 'सांग, सगळं छान आहे, त्यांना काही नको, आम्ही आहोत ना.'… हो, अगदी असंच म्हटलं. बोर्डाचं तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं.

वाटलं आपण वाचवलं तिला… तूही म्हणायचीस, कौन्सिलचा माणूस एकदा घरात शिरला की पोरं घेऊनच बाहेर पडतो. सगळेच म्हणायचे. वरद तिला टाकून पुण्याला गेलेला, पदरात तीन महिन्यांचं बाळ, ही अंथरुणातून उठत नाही… चार लोकांत बभ्रा नको, एवढंच आलं माझ्या मनात. लाज वाटते आता.

डबे?… किती दिवस दिले गं आपण?… पंधरा? काहीतरी बोलू नकोस. आठ दिवस. नवव्या दिवसापासून दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली तुमची, आणि मी… मला वाटलं तू देतेयस, तुला वाटलं मी देतेय. आणि तिकडे सहा वर्षांची तनू, आई उठेना आणि बाळ रडतंय म्हणून स्टुलावर चढून दूध तापवत होती. हात पोळला पोरीचा मनगटापर्यंत… नाही, म्हणू दे मला. कधीच म्हणत नाही आपण.

चार महिने झाले दोन्ही पोरं परक्यांच्या घरी आहेत. गुरुवारी कोर्टाची तारीख. आणि आत्ता आत जो रिपोर्ट पास होतोय ना, तो त्या फायलीत जाणार, त्यात लिहिलंय, 'आईने मदत नाकारली.'… हो. म्हणजे जज म्हणणार, ही पुन्हाही नाकारेल. कशाला द्यायची पोरं?

मग मी काय करू सांग ना!… आत जाऊन बोलले की बोर्डावरून गच्छंती. तिथेच, त्या खुर्चीत. आणि शाळेत रिसेप्शनला बसते मी, तिथेही मुलंच आहेत, ते नाही विचारणार?… आणि पुढचं आपलं माणूस बोर्डावर यायला किती वर्षं लागतील? मला घ्यायलाच सहा घालवली त्यांनी… आणि नाही बोलले तर उर्वी गेली… दोन्हीकडून कोंडलंय गं मला.

खरं सांगू? बाहेर बसायला लावलं तेव्हा बरंच वाटलं मला. नियमच म्हणतो गप्प बस, मग आपण का… हो, तेच. बसू दे मला अशीच. पाच मिनिटांत मत घेतील आणि बोलावतील.

काय पडलं?… अर्चना? कोण आहे तिथे?… फोन स्पीकरवर आहे? हात चिंचेत बरबटलेत म्हणून? अगं बाई!… पोरं नेल्यापासून उर्वी तुझ्याकडे राहते हे विसरलेच मी. वर झोपलीये ना?… कधी खाली आली?… डबे म्हणाले तेव्हापासून?… त्याआधीपासून.

दे तिला.

उर्वी?… उर्वी, ऐक… हो. खरं आहे ते. त्या बाई येणार होत्या. आम्हीच… मीच नको म्हणायला सांगितलं.

काय म्हणालीस?… परत सांग.

हो म्हटलं होतंस?… तू? कधी?… फॉर्मवर सही केली होतीस. आदल्या आठवड्यात. तुझ्या नर्सबाईंसमोर… अर्चना, तू मध्ये बोलू नकोस! तिला बोलू दे… हं… हं… सकाळी दार नुसतं लोटून ठेवायचीस? परत उठून उघडायला जमणार नाही म्हणून?… रोज?… किती दिवस?

अठरा.

आणि तुला वाटलं, तेच तुला विसरले.

नाही, मला नव्हतं माहीत. देवाशपथ… नाही, ही सबब नाही, कळतंय मला. विचारलंच नाही मी तुला. अर्चनाने मला विचारलं, मी अर्चनाला सांगितलं, तिने त्यांना सांगितलं. तुला फोन उचलवेना, पण मला गाडी काढून यायला काय धाड भरली होती? सात मिनिटांवर घर तुझं.

बोल, काय हवं ते बोल मला. ऐकतेय…

एक मिनिट, दार उघडलं, बोर्डाच्या बाई डोकावतायत. येस, हिलरी?… व्होटिंग नाऊ?… नो, नो, डोन्ट टेक द व्होट! प्लीज. आयटम फोर, द मदर सेड येस. शी साइन्ड. द पर्सन हू सेड नो वॉज मी… येस, मी. आय विल एक्स्प्लेन… आय नो द रूल, हिलरी, सकाळपासून त्याच नियमावर बसलेय मी… सॉरी, आय मीन, आय नो. टू मिनिट्स. प्लीज.

उर्वी? आहेस ना?… ऐकलंस. हो, सांगून टाकलं. आता आत जाऊन नीट सांगते. पण माझ्या चुकीचं मी सांगेन. तुझं मी काय सांगू? तूच सांग, काय सांगू त्यांना?

काय?… स्वतः?… आत्ता?

ते घेतील की नाही आत, माहीत नाही मला. मला आत ठेवतील की नाही तेही… हो. हो, बरोबर आहे. तुझं तूच बोलायला हवंस. ये.

अर्चना! हात धू आणि गाडी काढ. राउंडअबाउटवरून सरळ, कौन्सिलच्या मागच्या दाराने… नाही, तूही ये वर… घाबरतेस म्हणजे? मी काय हसतेय का इथे? चप्पल घाल आणि निघा. मी हे दार धरून उभी आहे, बंद होऊ देत नाही… बोलतेस काय अजून? ठेव फोन. ठेव गं!