कोकमला फणी कशी लावली

माझं माहेर घोडपदेवचं. म्हंजे गाव आमचं देवरूखच्या बाजूला, पण गाव मी बघितलं ते शिमग्याला नि गणपतीला, बाकी जन्म सगळा घोडपदेवच्या चाळीत, वडील मिलमध्ये, आई घरात खानावळ चालवायची, गावची पोरं जेवायला यायची, एका खोलीत आम्ही भावंडं नि वर ही पोरं, आता तुम्हाला खोटं वाटेल. चाळीत कुत्री होती, नाय असं नाय, जिन्याखाली बसायची, पोरांच्या ताटातलं उरलेलं त्यांना जायचं, पण कुत्र्याला कुणी फणी लावलेली मी जन्मात बघितली नव्हती. म्हणून बायका जेव्हा मला बोलतात ना, काय हो सुनंदाताई, म्हातारपणी कुत्र्याचे केस विंचरायची पाळी आली, तेव्हा मला राग येतो पण नवल नाय वाटत. पूर्वी मीपण तेच बोलले असते.

लग्न होऊन लालबागला आले. आमचे हे बसवर कंडक्टर. मी हॉस्पिटलात आया म्हणून लागले, परळलाच, नाव नाय सांगत, लहान मुलांच्या वॉर्डात, नि रिटायर होईपर्यंत त्याच वॉर्डात राहिले. माझं काम काय, तर पोरं धरायची. सुई टोचायची असली, टाके काढायचे असले, की हाक यायची, मावशी, धरा याला. मग मी एक हात छातीवर, एक पायावर, नि पोर रडून रडून लालबुंद. पण आमच्याकडे एक सिस्टर आल्या, आपल्या सावंतवाडीच्या, आवाज असा की वॉर्ड गप्प, त्या मला धरू द्यायच्या नायत. बोलायच्या, मावशी, आधी दाखवा, त्याच्या हातात द्या, मग लावा. कापूस पोराच्या हातात द्यायच्या, बिनसुईची सिरिंज खेळायला द्यायच्या, बाहुलीला आधी टोचायच्या. वेळ लागायचा, डॉक्टर चिडायचे, पण ते पोर दुसऱ्या दिवशी परत हात पुढे करायचं. नि ज्याला आम्ही दाबून धरलं ते दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारातच किंचाळायचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कुणी शिकवलं म्हणून नाय सांगत.

आता काय सांगू तुम्हाला, मूळ गोष्ट इथून आहे. माझा मुलगा महेश, त्याची बायको ऋतुजा. लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात आम्हाला घर मिळालं, आमचे हे तोवर गेले होते, तिथेच आम्ही तिघं. ऋतुजाला दोनदा दिवस गेले नि दोन्ही वेळा राहिलं नाय. दुसऱ्या वेळी तर बाळाची हालचालपण कळायला लागली होती. ती पोरगी ऑफिसला जायची, यायची, जेवायची, बोलायची नाय. मी मुलांच्या वॉर्डात जन्म काढला, पण माझ्याच घरात मला एक शब्द सापडेना. नि आमच्या मजल्यावरच्या सावंतकाकी, लेकीच्या डोहाळजेवणाला सगळ्यांना बोलावलं, मला बोलावलं, ऋतुजाला नाय. वर मला कानात सांगतात, राग नका मानू, पण अशा वेळी नको ना. मी गेले नाय. ऋतुजाला बोलले, माझे गुडघे दुखतायत.

मग एक दिवस ऋतुजाच बोलली, आई, मला कुत्रा पाळायचाय. महेश बोलला, बरं. मी बोलले, बरं. आणि आलं ते पूडलचं पिल्लू, जर्दाळूच्या रंगाचं, सगळं अंग कुरळं, लोकरीच्या गुंड्यासारखं. नाव ठेवलं कोको. माझ्या तोंडात काय ते बसेना, मी कोकम म्हणायला लागले, आता सगळेच कोकम म्हणतात. ज्या माणसाने विकलं तो बोलला, वहिनी, ह्याचे केस गळत नाहीत, एकदम सोपा कुत्रा, काहीच बघावं लागत नाही. आता मला सांगा, हे खोटं आहे की नाय? केस गळत नाहीत हे खरं, पण गळत नाहीत म्हणजेच ते वाढत राहतात, एकमेकांत अडकत राहतात, आतल्या आत जटा होतात, हे सांगायला त्याची जीभ झडत होती काय. विकताना अर्धंच सांगायचं, नि उरलेलं त्या मुक्या जिवाने अंगावर सोसायचं.

आम्हाला काय माहीत. ऋतुजा वरवर ब्रश फिरवायची, वरून कसा फुललेला दिसायचा, भावलीसारखा. आंघोळ घातली आपल्याच शॅम्पूने. पाणी लागलं नि आतल्या गाठी अशा आवळल्या की कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली बोट जाईना. मग महेशने मोबाईलवर दुकान शोधलं, इकडेच, काचेचं दार, आत एसी, बाहेर गोंडस कुत्र्यांचे फोटो. मी नि ऋतुजा घेऊन गेलो. काउंटरवरचा बोलला, ठेवून जा, संध्याकाळी न्या. ऋतुजा बोलली, पहिलीच वेळ आहे त्याची, मी आत थांबू का? बोलला, नाय मॅडम, आत अलाउड नाय, मालक दिसला की कुत्री नाटकं करतात. ते पिल्लू तिच्या ओढणीला दातांनी धरून बसलेलं. त्याने ते सोडवून घेतलं नि आत नेलं, नि दार लागलं.

संध्याकाळी दिलं ते आमचं पिल्लू नव्हतं. अंग सगळं सोलून काढल्यासारखं, गुलाबी कातडी दिसत होती, नि थरथरत होतं, अंगणात भिजलेल्या कोंबडीसारखं. गळ्यात रिबीन बांधलेली. मला त्या रिबिनीचाच जास्त राग आला. घरी येऊन बघते तर कानाची कड कापलेली, वर पिवळी पावडर दाबून रक्त थांबवलेलं, नि एक शब्द सांगितला नव्हता. चुकून कात्री लागली असेल, लागते हो, माझ्यासमोर डॉक्टरांच्या हातून पण लागलीय, पण सांगायचं की नाय? मुकं आहे म्हणून कळणार नाय, असंच ना?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले दुकानात. महेश बोलला होता, आई, जाऊ दे, भांडू नको. मी भांडायला नव्हते गेले, विचारायला गेले. दुकानाचा मालक आला, बोलला, आजी, चूक तुमची आहे, घरी विंचरत नाही तुम्ही, गाठी झाल्या, काढणार कशा? मी बोलले, बाबा, ती चूक आमची, मान्य. कान कुणी कापला? तो बोलला, हलला असेल. मी बोलले, हलणारच, लहान आहे, तुला माहीत नव्हतं काय लहान आहे ते? बांधून ठेवलं होतंस ना? मग बोलतो कसा, पुढच्या वेळी स्पा फ्री देतो. काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला वाटलं त्याची ती काच फोडावी. मी बोलले, मला फ्री काय नको, फक्त दार उघडं ठेव, जे करतोस ते लोकांना बघू दे. तो हसला नि आतल्या पोरीला बोलला, आजींना पाणी दे. मी पाणी न पिता बाहेर पडले.

आणि मग कोकमला हात लावता येईना. मांडीवर यायचा, पण ब्रश काढला की पलंगाखाली. एकदा ऋतुजा बाहेर ओढायला गेली नि त्याने तिच्या अंगठ्याला चावा घेतला, रक्त आलं. ती रडली नाय, ओरडली नाय, हात धुतला, पट्टी लावली नि बोलली, आई, माझ्याकडे काय राहतच नाय. तेवढंच. आणि त्यानंतर त्याला जवळ घेणं तिने बंद केलं. महेश मला बाल्कनीत नेऊन बोलला, आई, कर्जतला माझ्या मित्राचं फार्महाऊस आहे, तिथे देऊन टाकू, तिला त्रास नको. मी त्याला बोलले, महेश, त्रास कुत्र्याने दिलाय की त्या दुकानवाल्याने? मग शिक्षा कुणाला करतोयस? नि फार्महाऊसवर त्याचे केस कोण बघणार, तुझा मित्र? तो चिडला, बोलला, मग तूच बघ. मी बोलले, मीच बघते.

त्याला कानासाठी जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं होतं, दादरला, तरुण आहे पोरगी पण शांत. तिनेच मला नीट सांगितलं. बोलली, आजी, पूडलला पिल्लू असल्यापासून सवय लावायला लागते, आता तर भीती घालवून मग सवय, म्हणजे दुप्पट काम. ब्रशने वरचं सुटतं, नंतर लोखंडी फणी कातडीपर्यंत गेली पाहिजे, केसांचा एक एक थर उचलून. आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाय. पण आत्ता यातलं काहीच करू नका, आधी त्याला फक्त वस्तू बघू द्या. मला ते ऐकून आमच्या सिस्टर आठवल्या, मी तिला बोलले, बाळा, हे मला माहीत आहे, फक्त कुत्र्याला लागू पडतं ते माहीत नव्हतं.

मग मी फणी घेतली नि फरशीवर ठेवली. त्याच्यापासून लांब. फणीच्या बाजूला उकडलेल्या चिकनचा तुकडा. तो पलंगाखालून बघायचा, मी भाजी निवडत बसायची, त्याच्याकडे बघायचीच नाय. किती दिवस गेले मला विचारू नका, पुष्कळ गेले. आधी त्याने चिकन उचलून पळवलं. मग तिथेच बसून खाल्लं. मग फणीचा वास घेतला. मग मी फणी हातात धरून बसले. मग फणीची पाठ, दात नव्हेत, पाठ, त्याच्या खांद्याला टेकवली नि काढली, चिकन दिलं. पंजा हातात घ्यायचा नि सोडायचा. कान उचलायचा नि सोडायचा. त्याने मान वळवली की थांबायचं, त्या दिवशी तेवढंच. मशीनची सवय म्हणून महेशचं दाढीचं मशीन मी स्वयंपाकघरात नुसतं चालू करून ठेवायची नि बाहेर त्याला खायला घालायची. महेश बोलला, आई, चार्जिंग का संपतं रोज? मी बोलले, तुझ्या भावाची दाढी करतेय.

सावंतकाकी एकदा दारात येऊन उभ्या, हे सगळं बघितलं, बोलल्या, बाई गं, एवढं कौतुक नातवाचं केलं असतं तर शोभलं असतं. ऋतुजा आत होती, तिला ऐकू गेलं असणार. मी उठले, दारापाशी गेले, बोलले, काकी, तुमच्या लेकीचं बाळ सुखाने मोठं होऊ दे, मी मनापासून बोलते. पण माझ्या सुनेला तुम्ही परत काय बोललात, तर मी तुमच्या तोंडावर दार लावीन, शेजार विसरेन. त्या गेल्या. अजून लिफ्टमध्ये भिंतीकडे बघतात. बघू दे.

त्यानंतर थोड्या दिवसांनी असेल, मी दुपारी फरशीवर बसून कोकमच्या पाठीवर फणी फिरवत होते, तो अर्धा डोळा मिटून पडलेला. रविवार होता. ऋतुजा येऊन बाजूला बसली. मी फणी तिच्या हातात दिली. ती बोलली, आई, चावेल. मी बोलले, चावला तर आपण थांबू. तिने फणी आधी त्याच्या नाकापाशी धरली, त्याने हुंगली. मग मानेवरून एकदाच फिरवली. तो उठला, मला वाटलं गेला आता पलंगाखाली, पण तो फिरून तिच्या मांडीवर डोकं टेकून पडला. तेव्हा ती रडली. दोन्ही वेळा हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा नव्हती रडली, ती तेव्हा रडली, पार संध्याकाळ होईस्तोवर, नि हात चालूच, फणी चालूच. मी उठून चहा टाकला. आत महेश उभा होता, ऐकत होता, त्याला मी बाहेर जाऊ दिलं नाय.

आता तो मोठा झालाय. मध्ये पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे केस यायला लागले, तेव्हा तर गाठींचा कहर, डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, दोघी मिळून सकाळ-संध्याकाळ विंचरायचो. कात्री ऋतुजाच चालवते, एक बाजू लांब, एक आखूड, टॉवरमधल्या बायका हसतात. तोंडावरचे नि पायांचे केस मात्र मशीननेच काढायला लागतात, ते आम्हाला जमेना, म्हणून परवा पहिल्यांदा दादरला एका पोरीकडे नेलं, डॉक्टरबाईंनीच सांगितलेली. ती पोरगी स्वतःच बोलली, बसा ना आत, तुम्ही असाल तर त्याला बरं. एवढं साधं आहे हो. एवढं साधं होतं. ऋतुजाने त्याचं तोंड हातात धरलं, मी पुढे बसले, महेश दारात उभा राहिला. मशीन लागलं तसा कोकम थरथरायला लागला, पोरीने मशीन बंद केलं, थांबली, परत लावलं. एकच पंजा केला त्या दिवशी. बाकीचे तीन झुपकेदार तसेच घेऊन आम्ही टॅक्सीने घरी आलो.

राग गेला का विचारता? नाय गेला. ते दुकान जोरात चाललंय, रोज कुणाचं ना कुणाचं पिल्लू आत जातं नि दार लागतं. मी समोरून जाताना कुणी पिल्लू घेऊन चाललेलं दिसलं तर थांबवून सांगते, आत बसू देतात का विचारा आधी. काही जण ऐकतात, काही म्हातारी वेडी आहे म्हणून पुढे जातात. जाऊ देत. माझी सून आता घरात गुणगुणते, तेवढं मला पुरे आहे. देव तिला सुखात ठेवो, मूल होवो न होवो. आणि तुम्हालाही ठेवो, इतका वेळ बसून ऐकलंत. उद्या या बघायला, उद्या दुसरा पंजा आहे.