व्हॅनला पाजलेलं भारी ऑइल

बेलमुलेट गावातल्या स्पेअरपार्टच्या दुकानात गुरुवारची रांग अशी सरकत होती की पुढच्याची दाढी वाढताना दिसावी. वायपर न्यायला आलेल्या म्हाताऱ्या मॅलकीच्या पुढेच मासेवाली ॲट्रॅक्टा आणि तिचा जावई कॉर्मक उभे होते. मॅलकीने कान टवकारले.

"सासूबाई, जरा हळू. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! तीस वर्षांच्या माझ्या डिझेल व्हॅनला पाण्यासारखं पातळ ऑइल कुणी पाजलं, ते कळू दे गावाला!"

"अहो, सगळ्यांत भारी होतं ते! पुस्तिकेत वाचूनच घातलं."

"कुठल्या पुस्तिकेत?"

"फोनवर मिळाली. याच नावाच्या व्हॅनची."

"कुठल्या सालची?"

"गेल्या वर्षीची."

"वा, जावईबापू! नातीचं झबलं आजीला चढवलंत! इंजिनाच्या जुन्या रबरी सीलांमधून निम्मं ऑइल अंगणात गळलं. उद्या शुक्रवार, माशांचा वार. अकरा गावं माशांची वाट बघत बसतील."

"पण इंजिन किती शांत चालत होतं!"

"मढंसुद्धा शांतच असतं!"

काउंटरमागच्या डर्कनने जाड ऑइलचा डबा पुढे सरकवला. "ऑइलचा लाल दिवा लागल्यावर चालवली नाहीत ना, बाई? मग वाचेल. आजच बदला."

"इथवर बसने आले मी."

"द्या सासूबाई, मी बदलतो."

"तुम्ही गाडीखाली आडवे व्हा आणि ते पातळ काढा. नवं मी ओतेन. आणि इंजिन वाचलं नाही, तर उद्याचे मासे तुमच्या पाठीवरून जातील, बर्फासकट!"