नकाशात शाळा मधोमध

हॅलो?… हां, बोला… जरा मोठ्यानं बोल बाई, इथं पोरं पाढे म्हणून राह्यलीत.

कोण मॅडम?… निवेदिता? आपल्या वाडीची निवेदिता?… अगं, मंग नाव आधी सांगावं ना. कन्सल्टन्सीतून बोलतेय म्हणालीस, मला वाटलं विमा विकणारं कुणीतरी आहे.

हो, केशव गुरुजीच… शाळेतच आहे… रिटायर झालो म्हणून काय झालं? चार वर्गांना एकच मास्तर, आणि ते आज केदारखेड्याला मीटिंगला गेलेत. पोरांना काय वाऱ्यावर सोडायचं?… न्हाई, पगार कसला. बोरं आणून देतात, चिंचा आणतात. परवा एकानं जिवंत सरडा आणून दिला. मानधनच म्हणायचं.

तुझी आई कशी आहे?… हं… गोळ्या चालू आहेत ना बराबर?… बरं.

आता सांग. पुण्याहून दुपारच्या वेळी गुरुजींची आठवण कशी झाली?

हो, हो… उद्याचंच ना? माहीत आहे की. सगळ्या वाडीला माहीत आहे. दिल्लीचे पाहुणे येणार, अप्पारावची खदान बघणार आणि तिला तारे देणार.

अगं, मला कळलंय ते. केंद्र सरकारची शाश्वत खाणकामाची योजना. जी खदान नीट वागेल तिला तारे. आपण वहीत शेरा देतो तसं. अप्पाराव पाच म्हणतोय. पाच पडले की शाळेमागचा उरलेला अर्धा डोंगरही त्यालाच मिळणार, असं राजूरपर्यंत सांगत फिरून राह्यला.

अच्छा… म्हणजे त्या खदानीचा अहवाल तूच लिहिलास?

वा. आपल्या वाडीची पोर… न्हाई, टोमणा न्हाई. खरंच म्हणतोय.

तयारी? जोरात आहे. रस्त्याच्या दगडांना चुना लावला. खदानीला हिरवी जाळी बांधली, तिच्यावर पाटी, ‘हरित पट्टा’. जालन्याच्या नर्सरीतून रोपं आलीत… हो, लावली ना. पिशवीसकट लावली. परवा परत करायचीत, भाड्यानं आणलीत म्हणे.

धुळीवर पाणी? मारतात की. सकाळपासून टँकर फिरतोय. पाणी आपल्या शाळेच्या टाकीतलं. पोरांना आज घरून बाटल्या आणायला सांगितल्या.

बोल, तू बोल. मीच बोलत सुटलो.

…हं.

…हं, हं.

…पोरांचा कार्यक्रम रद्द करायचा? का गं? अप्पारावनीच तर सांगितला होता. स्वतः आल्ता पेढे घेऊन. म्हणाला, गुरुजी, सरकारचं हे पुस्तक घ्या, यातलं धोरण पोरांकडून पाठ करून घ्या, पाहुण्यांनी विचारलं की एका सुरात म्हणतील. मी त्याला म्हटलं, पाठांतर माझ्याकडं होत न्हाई, समजावून देतो. तो म्हणाला, तेही चालेल.

मंग समजावलं. आठवडाभर तेच घेतलं… अगं, पुस्तक चांगलं आहे. बिलकुल चांगलं आहे. कुणीतरी शहाण्या माणसानं लिहिलंय. वरची काळी माती वेगळी जपून ठेवा, खड्डा झाला की भरून काढा, धूळ उडू देऊ नका, शाळेजवळ सुरुंग लावू नका, गावाला विचारल्याशिवाय काही करू नका. मला तर वाचताना वाटलं, हे दुसऱ्या कुठल्यातरी देशासाठी छापलंय आणि चुकून आपल्या तालुक्याला आलंय.

काल रंगीत तालीम झाली… हो, तेच सांगतोय, तुला कुणी अर्धवट सांगितलंय. अप्पाराव दिल्लीचा पाहुणा झाला. खुर्चीवर बसला, गॉगल लावला. मुलांनो, शाश्वत म्हणजे काय, असं विचारलं. तिसरीतली भार्गवी उठली. ती म्हणाली, आपल्याला जेवढं मिळालं तेवढं आपल्या मागून येणाऱ्यांनाही मिळालं पाहिजे. अप्पारावनी टाळ्या वाजवल्या.

मंग ती बसली न्हाई. तिनं विचारलं, “काका, मंग तुम्ही डोंगर परत कधी आणून ठेवणार?”

…हसतेस ना? मीही हसलो. पण पोरगी थट्टा करत नव्हती. वर्गातली चटई उचलली तर परत घडी करून ठेवायची, असं तिला शिकवलंय. तिला वाटलं, डोंगराचंही तसंच.

अप्पाराव म्हणाला, पाहुण्यांना असे प्रश्न विचारायचे नसतात. भार्गवी म्हणाली, पाहुणे यायला अजून दोन दिवस आहेत.

मंग त्यानं तुला फोन केला असणार. त्याचं काय चुकलं? कुणालाही घाम फुटेल.

न्हाई म्हणत न्हाई मी. पोरांनी बोलायचं न्हाई म्हणतेस, न बोलू देत. पण एक सांग, पाहुणे मंग कुणाला विचारणार? पुस्तकात लिहिलंय, गावाचं म्हणणं ऐकावं.

ऐकलंय? कधी?

जनसुनावणी झाली? आपल्या वाडीची?… राजूरला?… अगं, वाडीची सुनावणी राजूरला कशी झाली? कुठल्या दिवशी?

चतुर्थीला.

थांब, थांब. रस्त्याच्या कडेला मांडव होता तोच का? साबुदाण्याची खिचडी वाटत होते तिथं?… निवेदिता, मीही होतो तिथं. गणपतीचं दर्शन घेऊन आल्तो, उन्हात उभा होतो. अप्पाराव वाढत होता. त्यानं एकदाही डोंगराचं नाव काढलं न्हाई. अजून घ्या गुरुजी, अजून घ्या, एवढंच म्हणत होता.

फोटो आहे?… काय लिहिलंय फोटोखाली?

‘ज्येष्ठ ग्रामस्थ शाश्वत खाणकामाबाबत सूचना मांडताना.’

मी हात वर केलेला आहे?… अगं, तो पुरे म्हणायला वर केलेला हात आहे. पोट भरलं होतं माझं. सूचना एकच होती, शेंगदाणे कमी घाला, दातात अडकतात. अहवालात घ्यायची असेल तर ती घे.

…बरं, न्हाई हसत.

ऐक ना, मला एक कळत न्हाई. पाहुणे उद्या बघणार, मंग ठरवणार ना किती तारे? पोरांनी एखादा प्रश्न विचारला तर एवढं काय बिघडतं?

…आधीच?

पाच? मागच्या आठवड्यातच?… मंग उद्या कशाला येतात?… फोटो आणि जेवण. हं. म्हणजे निकाल आधी लागला, परीक्षा उद्या. मी आयुष्यभर उलटं करत आलो. चूक माझीच असेल.

न्हाई गं, तुझ्यावर रागवत न्हाई. तुझ्यावर कधी रागवलोय? पेन्सिल खायचीस तेव्हासुद्धा न्हाई.

पण मला एक समजावून सांग. पुस्तकात लिहिलंय, शाळेजवळ सुरुंग चालणार न्हाई. मी इथं बसलोय, खिडकीतून खदान दिसते. भिंतीला तडा गेलाय, त्यातून आता दप्तराचा बंद जाईल. मंग या अटीला मार्क कसे पडले?

…बोल ना.



…हं.

…परत सांग. मला ऐकू आलं, पण परत सांग.

नकाशात शाळा न्हाईच.

मंग शाळेच्या जागी काय दाखवलंय?… ‘पडीक जमीन.’

न्हाई, ऐकतोय मी. सांग… हं… अप्पाराव म्हणाला, शाळा हलणार आहे. कुठं? … प्रस्तावित. म्हणजे बांधलेली न्हाई… बांधणार. आणि बांधणार म्हणून ही आत्ताच पुसली. खदान शाश्वत ठरली, म्हणून शाळेला उठावं लागलं.

मंग मी कुठं बसलोय गं आत्ता? हा सतराचा पाढा कोण म्हणून राह्यलं?

…न्हाई, तू रडू नको. रडायचं काय त्यात.

हो, माहीत आहे. तुझ्या साहेबांनी सांगितलं, सही तुझी. माहीत आहे, आईच्या औषधांचा सगळा खर्चा तूच करतेस. ती नोकरी टिकलीच पाहिजे, मी कुठं न्हाई म्हणतोय?

तुला आठवतं का, तिसरीत आपण परिसराचा नकाशा काढायचो?… पटांगणावर, चुन्याच्या फक्कीनं, बराबर. तू पहिल्यांदा काढलास तेव्हा आधी तुमचं घर काढलं होतंस, मंग विहीर, मंग तुमची म्हैस. म्हैस घरापेक्षा मोठी. शाळेला जागाच उरली न्हाई, ती तू कुंपणाबाहेर काढलीस. मी काय म्हणालो होतो?

…हं. तू उभी असशील ती जागा आधी. शाळा मधोमध काढायची, मंग उत्तर दिशा ठरवायची, मंग बाकी सगळं तिच्याभोवती. तेवढा एक ठिपका चुकला की सगळं गाव चुकतं.

उद्या पोरं तोच धडा करणार आहेत… न्हाई, प्रश्न एकही विचारणार न्हाईत, तुला शब्द दिला ना. तोंड बिलकुल बंद. पटांगणावर मोठा नकाशा काढतील फक्कीनं. पाहुण्यांच्या गाड्या आपल्याच पटांगणात लागतात, दुसरीकडं सपाट जागा उरलीय कुठं? त्यांना खदानीकडं जायचं तर नकाशावरूनच चालत जावं लागेल. एवढंच.

अगं, यात विरोध कसला? तिसरीचा नेहमीचा धडा आहे. तुम्ही काढायचात, तुमच्याआधीचे काढायचे. शाश्वत म्हणतात ते हेच असेल बहुतेक.

…तू विचारतेस, तुझ्या नकाशाचं काय करायचं?

ते मी सांगणार न्हाई. उत्तर मी फळ्यावर कधी लिहून दिलंय का? तुझी सही आहे, तुझी नोकरी आहे. काहीही कर, माझ्याकडं जेवायला यायचं बंद करू नको, बस.

…अजून पाठवलेला न्हाई? दिल्लीला आज संध्याकाळी जाणार? मंग आता पाच तारे कशाला म्हणालीस?… आकडा आधी कळवला, अहवाल मागून. असं होय.

…शाळा दाखवली तर तारे जातात. हं. किती जातात?… सगळेच. एवढीशी शाळा आपली, दोन खोल्या, आणि पाच तारे विझवते. मला माहीतच नव्हतं.

थांब. थांब जरा… भोंगा झाला… भार्गवी, घंटा दे. सगळे पटांगणात, भिंतीपासून लांब. जल्दी. दप्तरं राहू द्या… कान झाका रे…

न्हाई, आहे मी फोनवर. सुरुंग आहे. उद्या पाहुणे आहेत ना, उद्याचाही आजच उडवून घेतायत. फोन ठेवू नको. ऐक.

…

ऐकलंस?

सगळी बाहेर आहेत, कुणाला लागलं न्हाई. एक कौल पडलं… न्हाई, काळजी करू नको, रोजचंच आहे.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. आवाज कुठून आला?… पुण्याहून ऐकलास ते सोड. डोळे मीट आणि सांग. पटांगणात उभी आहेस, तोंड झेंड्याकडं आहे. कुठून आला?

…उत्तरेकडून. डोंगराच्या बाजूनं. छान.

आणि तू कुठं उभी आहेस?

…

घाई न्हाई. विचार करून सांग.

…

बराबर. शाळा मधोमध. बस खाली. मी ठेवतो आता, धूळ पोचायच्या आत खिडक्या लावायच्यात.