नील्सच्या खांद्यासाठी लावलेला ब्रेक

मी, लेलंड क्विस्टाड, वय ६३, धंदा रायफली बांधून देणे, राहणार सेजबट, मोंटाना, आज मंगळवारी शेरीफच्या कचेरीत हजर राहून उपशेरीफ इनेझ पोप यांच्या विचारण्यावरून सांगतो की,

रायफलीच्या सदर ब्रेकपोटी गार्थ हाउगेनने तो बनवणाऱ्या डेल रस्कला दोन वर्षांचं शिंगरू दिलं, वर हिवाळाभर त्याची कुंपणं ताणून दिली. वस्तू मुठीत मावते. रायफलीच्या तोंडावर आट्यांनी बसते, गोळीमागचा वायू बाजूच्या भोकांतून फेकते, खांद्याला धक्का कमी बसतो. गार्थला धक्क्याचं काही नव्हतं. धाकट्या भावाचा, नील्सचा, खांदा घोड्यावरून पडून निखळला होता, आणि एल्क हरणाच्या शिकारीला गार्थला तो बरोबर हवा होता.

शनिवारी सकाळी चांदमारीच्या मैदानावर दोघे माझ्या शेजारच्या टेबलाशी होते. कुरणाच्या वाटणीवरून त्यांच्यात वर्षभर वाद होता, हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र चेष्टा चालली होती.

"दादा, पहिली तू मार. काही उडालंच, तर तुझं थोबाड तसंही बिघडलेलंच आहे."

"गप रे, खांदेमोडक्या."

गार्थ नेम धरून बसला. नील्स डावीकडे उभा होता. माझ्या कानांवरची झाकणं गोळीचा आवाज अडवून माणसाचं बोलणं आत येऊ देणारी आहेत, गार्थची साधी, सगळंच अडवणारी. नील्सने आपलं एक झाकण उचललं आणि म्हणाला, "दादा, थांब..." गोळी सुटली. आवाज स्वच्छ नव्हता, त्यात पत्रा फाटल्यासारखी खर होती. ब्रेकचा तुकडा नील्सच्या मानेत गेला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी मान दाबून धरली होती; ती आली तेव्हा नील्स गेला होता. तेव्हापासून मी दुकानातलं लेथ यंत्र काम नसतानाही, नुसत्या घरघरीसाठी, चालूच ठेवतो.

रस्क त्याच दुपारी इथे चारचौघांत म्हणाला, "गार्थनेच ब्रेक ढिला केला. कुरण एकट्याला पाहिजे होतं त्याला. माझं काम म्हणजे आरसा. सळई घालून तपासल्याशिवाय माझ्या दुकानातून ब्रेक बाहेर पडत नाही."

रस्क माझ्याच धंद्यातला. माझ्या बोलण्यात कुणी आकस शोधेल. खुशाल शोधावा.

रायफल मी पोपबाईंसमोर तपासली. बाहेरून काम देखणं, चकाकीत बघून दाढी करावी असं. नळीत मापाची सळई सरकवली. ती ब्रेकच्या भोकात मधोमध यायला हवी. ती डाव्या काठाला टेकली. त्याच काठावर गोळीच्या तांब्याचा ओरखडा होता. मग ब्रेक काढला. तो ढिला नव्हता. आट्यांत भरलेला गोंद पक्का होता, तापवल्यावरच सुटला.

नळीचं भोक बाहेरच्या अंगाच्या अगदी मधोमध क्वचितच असतं. म्हणून आटे भोक धरून कापायचे असतात. रस्कने बाहेरचं अंग धरून कापले. गोळी वाटेतच आपटली. यात गार्थच्या हातून घडण्यासारखं काही नाही.

गार्थ आत्ता बाहेरच्या बाकावर बसला आहे. कानांवरची झाकणं त्याने अजून काढलेली नाहीत. मी आत येताना त्याने एक बाजू उचलून विचारलं, "लेलंडकाका, गोळीआधी नील्स काय म्हणत होता हो?"

मी म्हणालो, "नाही रे ऐकू आलं."

जबाबातला नील्सच्या शब्दांचा तेवढा भाग त्याला वाचून दाखवू नये, अशी विनंती आहे.

हा मजकूर पोपबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. वाचताना राहिलेली एक बाब घालून घेतली: सळई रस्कच्या दुकानातून आणवली होती, या मापाची त्याच्याकडे ती एकच; तिच्या नळकांड्याचं कारखान्याचं सील तोवर शाबूत होतं, ते मी फोडलं.