भिंतीपलीकडचा दुसरा आवाज

फादर, सिस्टर, गावकऱ्यांनो, आणि साव्यो,

या हॉलमध्ये एवढी माणसं मी फक्त लग्नांत बघितली आहेत. आज माणसं तीच, खुर्च्या त्याच, पण कोणाला खोकायचाही धीर होत नाही. बोलणं मला नवं नाही. तरी आज इथे उभं राहताना वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुकारलं जावं आणि मी आपला मागे बसून राहावं.

आपली रोजामाय गेली. तिचा मुलगा साव्यो आखातातून पोचेपर्यंत तिला बर्फात ठेवावं लागलं. तो आज दुपारी आला. उद्या सकाळी माती. आणि ती माती कुठे द्यायची, यावरून दुपारपासून घराघरांत कुजबुज चालली आहे. कुजबुज कशाला? इथे बोलूया. सगळ्यांसमोर बोलूया.

तिची इच्छा काय होती, हे कोणाला ठाऊक नाही? फादरना सांगितली होती. मला सांगितली होती. मासे घेताना कोळणीला सांगितली होती. "माका सिमितेरीच्या भिंतीभायर पुरा. माझ्या चेडवाच्या बाजूक."

तरुण मुलांना कदाचित माहीत नसेल. आपल्या सिमितेरीच्या, म्हणजे दफनभूमीच्या मागे, समुद्राच्या बाजूला, भिंतीपलीकडे एक रिकामी जागा आहे. काटेरी झुडपं आहेत, क्रूस एकही नाही. ती रिकामी नाही. फास लावून घेतलेले तिथे आहेत. लाटांनी आणून टाकलेले, ज्यांचा धर्म कोणाला कळला नाही, ते तिथे आहेत. आणि बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं तिथे आहेत.

रोजामायचं पहिलं बाळ तिथे आहे. मुलगी होती. आपल्याकडे बाप्तिस्मा म्हणजे धर्मपिता हवा, पादिन हवा. या मुलीचा पादिन बोटीवर नोकरीला होता. तो येणार, मग बाप्तिस्मा, मग जेवणावळ. तोवर थांबा. मुलीला ताप भरला, तरी थांबा. अहो, मरणाच्या दारातल्या बाळाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो! आई देऊ शकते, सुईण देऊ शकते. वाटीभर पाणी लागतं. विहीर दारात होती! पण पादिन रागावेल, लोक नावं ठेवतील. सगळे थांबले. मुलगी थांबली नाही.

बापाने तिला आंब्याच्या पेटीत घातलं आणि दिवेलागणीला भिंतीपलीकडे नेलं. घंटा वाजली नाही. नावही नव्हतं. बाप्तिस्मा नाही तर नाव कुठलं? रोजामाय तिला आयुष्यभर 'चेडू' म्हणाली. नुसतं चेडू, म्हणजे मुलगी.

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखता. भुताखेतांच्या गोष्टींवर मी किती भांडलोय, तेही ओळखता.

रोजामाय रोज संध्याकाळी त्या भिंतीपाशी लदीन, संतांच्या नावांची प्रार्थना, म्हणायची. लदीन एकट्याने म्हणायची गोष्ट नाही. एकाने संताचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. आणि आपल्याकडे ती दोन आवाजांत म्हणतात, वरचा आणि खालचा. एका संध्याकाळी मी तिला बोलवायला गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. एक नाव घ्यायची आणि थांबायची. पुढचं नाव घ्यायची आणि थांबायची.

मी म्हटलं, "रोजामाय, मधेच थांबतंस कित्याक?"

मला म्हणाली, "मास्तरा, इतकी पुस्तका वाचलंस, पण दुसऱ्याक बोलूक दिवची अक्कल काय तुका इली नाय. गप बस जरा."

 तिने पुढचं नाव घेतलं. थांबली. आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं.

हसू नका. कोणी हसत नाही, मला दिसतंय.

तो बाळाचा आवाज नव्हता. मोठ्या बाईचा आवाज होता, भरलेला, खालच्या सुरातला. ती मुलगी जगली असती, तर आज ज्या वयाची असती, त्या वयाचा. मी भिंतीवरून डोकावलो. झुडपं होती. वारा पडलेला होता.

रोजामाय माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आता तेचो आवाज बरो झालो. बारक्या होता तेव्हा सूर लागत नाय होतो."

मी घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही.

हे मी आज का सांगतोय? शांतारामदादा मागे बसलेत. त्यांची काजूची बाग त्या जागेला लागून आहे. ते आपल्या धर्माचे नाहीत, लदीन त्यांना येत नाही. काल त्यांनी मला रस्त्यात थांबवलं. म्हणाले, "मास्तर, रोजामाय गेली, पण थंय सांजेक कोणतरी गाता हां. सगळा नाय गायत. थोडा गाता, मगे कितीतरी वेळ गप. परत थोडा गाता."

समजलं तुम्हाला? वरचा आवाज गेला. खालचा रोज येतो, आपला तुकडा म्हणतो आणि पुढच्या नावाची वाट बघतो.

गावकऱ्यांनो, या मुलीला आपण अजून किती वाट बघायला लावणार?

साव्यो, तू दुपारी मला काय म्हणालास ते मी सांगू? तू म्हणालास, "मास्तर, माझ्या आयेक मी भायर टाकू? उद्या लोक विचारतले, हिना काय पाप केलेला?" बाबा, तुझा राग खरा आहे. ज्या बाईने आपल्या चर्चची फरशी गुडघ्यांनी झिजवली, तिला कुंपणाबाहेर? मलाही ते सहन होत नाही. पण मग सांग, जी जागा तुझ्या आईला चालत नाही, ती तुझ्या बहिणीला कशी चालली?

मी चर्चच्या विरुद्ध बोलत नाही. चर्च पुढे गेलं आहे. आज चर्च अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं. जीव दिलेल्यांसाठीही प्रार्थना करतं, त्यांना माती देतं. शिकवण बदलली, भिंत तशीच राहिली. भिंत फादरनी बांधलेली नाही, बिशपनी राखलेली नाही. ती आपण राखली. 'लोक काय म्हणतील' या चुन्याने दरवर्षी रंगवली. बाहेर कोण, हे ठरवल्याशिवाय आपल्याला आत असल्यासारखं वाटतच नाही! जिवंत माणसांतही आपण हेच करतो. दुसऱ्या जातीतली सून आली की करतो, घटस्फोट घेतलेली मुलगी बाकावर बसली की करतो.

तिला बाहेर टाकू नकोस, साव्यो. भिंत काढ. मागचा तो तुकडा काढ, म्हणजे आत आणि बाहेर उरणारच नाही. फादरनी जागा आशीर्वादित करायची तयारी दाखवली आहे. ते फक्त तुझ्या शब्दासाठी थांबले आहेत.

काय? उभा राहिलास? बोल रे, मोठ्याने बोल, मागे ऐकू जात नाही.

ऐकलंत? तो म्हणतोय, "खड्डो दोघींच्या मापाचो मारा."

रोजामाय, तुझा मुलगा तुझ्यावर गेला.

गावकऱ्यांनो, उद्या सकाळी येताना फुलं कमी आणा. पहारी आणा, घमेली आणा. शांतारामदादा, तुम्हीही या.

आता आपण उभे राहूया. पंखे बंद करा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. आणि सिमितेरीकडची ती खिडकी वाऱ्याने हलतेय म्हणून कोणी लावायला जाऊ नका. वारा नाही.